मनातली अढी



गेल्या वर्षी दिवाळीनंतर सोयाबीन घेऊन आम्ही सेलूच्या मोंढ्यात गेलो होतो. काटा व्हायला वेळ होता, म्हणून चहाच्या टपरीवर उभे राहिलो. तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली. हाक आमच्या नावाने नव्हती. शाळेत आम्हाला चिडवायला जे नाव ठेवले होते, त्या नावाने होती. पंचेचाळीस वर्षांत ते नाव आमच्या कानांवर पडले नव्हते, पण मान मात्र आपोआप वळली.

"ओळखलं का नाही? इकडं काय करायलास?" म्हणत तो पुढे आला. केस पांढरे झालेले, समोरचे दोन दात गेलेले, बोटाला धरलेला आठ-दहा वर्षांचा नातू. त्याने चहा सांगितला, पैसे दिले आणि नातवाला म्हणाला, "पाया पड बाळा. हे माझे शाळासोबती. एका बाकावर बसायचो आम्ही. लई मजा केली बघ."

एका बाकावर बसायचो हे खरे. तो मधोमध आणि आम्ही कडेला, अर्धे बाहेर. पण मजा? सहावीत असताना एका पावसाळ्यात त्याने आमचे दप्तर ओढ्यात फेकले होते. वह्या, पुस्तके, शाईची दौत, सारे वाहून गेले. त्याच्याबरोबरची पोरे काठावर उभी राहून हसत होती. 'तुमच्या देवाला सांग, पाण्यावरून चालत जाऊन आणील,' असे कोणीतरी ओरडले. घरी वडिलांना वाटले, आम्हीच हलगर्जीपणाने दप्तर हरवले. त्यांनी मारले. खरे काय झाले ते आम्ही सांगितले नाही, कारण सांगितले असते तर दुसऱ्या दिवशी शाळेत त्याहून जास्त मार बसला असता. वडील आता हयात नाहीत. त्यांना ते कधीच कळले नाही.

आणि हा माणूस आम्हाला चहा पाजत होता. त्याला त्यातले काहीही आठवत नव्हते.

पुढच्या रविवारी मिस्सेत प्रभूने शिकवलेली प्रार्थना सुरू झाली. आईच्या मांडीवर पाठ झालेली ही प्रार्थना झोपेतही म्हणता येते. पण तिच्यात एक जागा अशी आहे, जिथे आपण आपल्याच तोंडाने देवाला एक माप देतो आणि म्हणतो की या मापाने आम्ही लोकांना मोजतो, तू आम्हालाही यानेच मोज. त्या ओळीवर आमचे तोंड बंद पडले. आजूबाजूचे सगळे पुढे गेले. आम्ही तिथेच राहिलो.

मराठीत या दुखण्याला किती शब्द आहेत पाहा. आकस, डूख, सल, दावा, खुन्नस. पण आमच्या माणसांच्या तोंडी जास्त करून येतो तो शब्द 'अढी'. 'त्याच्याबद्दल माझ्या मनात अढी आहे,' असे आपण म्हणतो. आंब्याच्या दिवसांत आपण गवतात आंबे घालतो, तीही अढीच. दोन्ही शब्दांचा उगम एक आहे की नाही, ते भाषेचे जाणकार सांगतील. आम्हाला मात्र दोन्हींत साम्य दिसते. अढीतला आंबा अंधारात, उबेत, कोणी न पाहता पिकत राहतो. वेळेवर काढला तर ठीक, नाही तर एक नासतो आणि शेजारच्या चार आंब्यांना नासवतो. आमच्या मनातल्या त्या एका आंब्याने काय काय नासवले, याचा हिशेब आम्ही त्या रविवारी पहिल्यांदा मांडला. त्या गावच्या कोणत्याही लग्नाला आम्ही गेलो नाही. त्या आडनावाचा माणूस दिसला की आमचा आवाज कोरडा होतो. आमच्या मुलाने त्या घरातल्या एका पोराशी दोस्ती केली, तेव्हा काही कारण न देता आम्ही ती मोडायला लावली. त्या पोराचा काय दोष होता?

तरीही 'क्षमा करा आणि विसरून जा' हा उपदेश आम्हाला कधी पटला नाही, आणि आजही पटत नाही. तो पटत नाही याचे कारण फक्त आमचे दुखणे नाही. आपल्यातल्याच एका माउलीने मागे सांगितलेली गोष्ट आहे. तिच्या मुलाला शाळेत रोज दोघे-तिघे मारायचे, डबा हिसकावायचे, घाणेरडी नावे ठेवायचे. तिने आपल्याच माणसांपाशी मन मोकळे केले, तर उत्तर मिळाले, 'आपण ख्रिस्ती आहोत, त्याला म्हणावं माफ कर, दुसरा गाल पुढे कर.' पोर घरी येऊन विचारू लागले, "आई, दुसरा गाल झाल्यावर कोणता पुढे करायचा?"

त्या पोराला उत्तर देणे आपल्याला बांधील आहे. क्षमा हा जखमी माणसाचा अधिकार आहे, तो त्याच्यावर लादायचा दंड नव्हे. ज्याला रोज मार बसतो आहे, त्याला आधी मारापासून वाचवायचे असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी घातली आहे. रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्याचा 1999 सालचा कायदा आहे. अडचणीतल्या मुलांसाठी 1098 हा फोन नंबर आहे. हेडमास्तरांकडे जाऊन तक्रार करणे म्हणजे सूड नव्हे. आणि मारणाऱ्या पोरालाही त्यातच वाचवायचे असते, नाही तर तो तसाच मोठा होतो आणि पंचेचाळीस वर्षांनी मोंढ्यात चहा पाजताना त्याला काही आठवत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय आपल्याला चांगला ठाऊक आहे. पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? आणि प्रभू तो आकडा सातांच्या सत्तरपटीवर नेतो. हा भाग आपण अ वर्षात सामान्य काळाच्या 24 व्या रविवारी ऐकतो. पण 23 व्या रविवारी काय ऐकतो, ते लक्षात राहते का? त्याच अध्यायात, पेत्राच्या प्रश्नाच्या थोडे आधी, प्रभू सांगतो की भावाने तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघेच असताना त्याचा अपराध त्याला दाखव. आधी जाऊन सांगणे, मग न मोजता क्षमा, असा तो क्रम आहे. आपण 24 वा रविवार पाठ केला आणि 23 वा गाळला. जाऊन तोंडावर सांगणे अवघड, आणि पाठीमागे चार जणांना सांगणे सोपे, म्हणून असेल.

पुढे निर्दय चाकराचा दाखला येतो. एकाचे देणे दहा हजार तालांत, दुसऱ्याचे शंभर दिनार. प्रवचनात आपण ऐकतो की शंभर दिनार म्हणजे किरकोळ रक्कम. आम्ही एकदा हिशेब करून पाहिला. एक दिनार म्हणजे एका मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे पहिल्याचे देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. एक माणूस रोज राबला तरी एक लाख चौसष्ट हजार वर्षे लागतील. ते फिटणारच नाही, हे उघड आहे. पण शंभर दिनार किरकोळ कसे? शंभर दिवसांची मजुरी! 2005 च्या रोजगार हमी कायद्यात एका कुटुंबाला वर्षभरात जितक्या कामाची हमी होती, तितकी ती रक्कम. वालूरच्या उन्हात ज्याने खडी फोडली आहे त्याला विचारा, शंभर दिवस किरकोळ असतात का. प्रभूने तुमचे दुःख छोटे आहे असे कुठेही म्हटलेले नाही. देणे खरे आहे, वहीत त्याची नोंद खरी आहे. तरीही ती वही फाडायची का, एवढाच प्रश्न तो विचारतो.

बालपणी छळणाऱ्यांची सर्वांत मोठी गोष्ट आपल्या पवित्र शास्त्रात पहिल्याच पुस्तकात आहे, आणि छळणारे घरचेच भाऊ आहेत. योसेफ सतरा वर्षांचा होता. बापाचा लाडका, रंगीत झग्यातला, आणि खरे सांगायचे तर थोडा आगाऊही. भावांनी त्याला कोरड्या आडात टाकले आणि वीस रुप्याच्या नाण्यांना विकले. त्या वेळी योसेफ काय म्हणाला, ते उत्पत्तीच्या 37 व्या अध्यायात दिलेलेच नाही. तो रडला, विनवण्या केल्या, हे आपल्याला कळते ते पाच अध्याय पुढे, बावीस वर्षांनंतर. दुष्काळात धान्य मागायला भाऊ मिसरात येतात. समोर बसलेला अधिकारी योसेफ आहे हे त्यांना माहीत नाही. मध्ये दुभाषा आहे, म्हणून आपली भाषा त्याला कळत नाही असे समजून ते आपसात बोलतात. आपण त्याच्या विनवण्या ऐकल्या आणि त्याला जुमानले नाही, म्हणून आज हे संकट, असे ते एकमेकांना म्हणतात. ते ऐकून योसेफ बाजूला जातो आणि रडतो.

आम्ही हा प्रसंग कितीदा वाचला असेल, पण तो कळला मोंढ्यातल्या चहानंतर. योसेफ पहिल्यांदा कधी रडला? भाऊ समोर दिसले तेव्हा नाही, त्यांनी वाकून नमस्कार केला तेव्हाही नाही. त्यांना सगळे आठवते आहे, हे त्याला कळले तेव्हा. आपल्या आरोळीला साक्षीदार होते आणि ते ती विसरले नाहीत, एवढे कळल्यावर त्याचे डोळे भरून आले.

आणि तरीही त्याने लगेच मिठी मारली नाही. त्यांना हेर ठरवले, तीन दिवस कोठडीत ठेवले, शिमोनाला अडकवून ठेवले, पुढच्या खेपेला बन्यामिनाच्या पोत्यात प्याला लपवला. काहींना हा सूड वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही. योसेफाला एकच गोष्ट पाहायची होती. पुन्हा एकदा धाकटा, लाडका भाऊ संकटात सापडला, तर हे त्याला सोडून देतात की नाही? विकण्याची कल्पना ज्याची होती तोच यहुदा पुढे येतो आणि म्हणतो, याच्याऐवजी मला गुलाम करा. मग योसेफाला राहवत नाही. क्षमेच्या आधी त्याने विश्वासाची परीक्षा घेतली, आणि आम्हाला वाटते त्याला तो हक्क होता.

विसरण्याबद्दलही एक गंमत आहे. योसेफाने थोरल्या मुलाचे नाव मनश्शे ठेवले, देवाने मला माझे कष्ट आणि बापाचे घर विसरायला लावले या अर्थाचे. आता ज्या पोराला हाक मारताना रोज 'मी विसरलो' असे म्हणावे लागते, तो बाप किती विसरला असेल! आणि दुसऱ्या बाजूने पाहा. याकोब मिसरात सतरा वर्षे राहून मरण पावला, तेव्हा भाऊ पुन्हा घाबरले, की आता हा उट्टे काढणार. सतरा वर्षे त्याच्या घरचे अन्न खाऊनही त्यांना क्षमा झाल्याची खात्री नव्हती. तेव्हा योसेफ पुन्हा रडला. क्षमा करणारा मोकळा होतो, पण क्षमा घेणाऱ्यालाही ती घेता यावी लागते.

आता आपल्याच मातीतल्या एका मुलाची आठवण काढू. आपल्यापैकी कितीतरी घरांत येशूच्या तसबिरीशेजारी बाबासाहेबांचा फोटो आहे, तेव्हा ही आठवण परकी वाटणार नाही. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. वय नऊ. वर्गात बसायला घरून आणलेले तरटाचे तुकडे, तेही इतरांपासून दूर. शाळेतला नळ स्वतः उघडायचा नाही. शिपाई आला तरच पाणी, नाही तर दिवसभर तहान. पुढच्या वर्षी नोकरीच्या गावी असलेल्या वडिलांना भेटायला ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तर दूर झाला. गाडीवान दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्रभर पाणी मिळाले नाही. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात गुरुजींनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तर वर्गात आरडाओरडा झाला, कारण फळ्यामागे मुलांचे डबे ठेवलेले होते.

हे त्यांनी विसरले का? मुळीच नाही. पस्तीस वर्षांनी त्यांनी शाळेतल्या पाण्याची आणि मसूरच्या प्रवासाची हकीकत स्वतः लिहून ठेवली. पण त्या लिखाणात वर्गातल्या एकाही मुलाचे नाव येत नाही, हे आम्हाला फार विचार करायला लावते. कोण ओरडला, कोण हसला, याची यादी नाही. आहे ती नळाची, तरटाची, घड्याची हकीकत, म्हणजे ज्या रीतीने ती मुले तशी वागली त्या रीतीची. ज्याला नळ उघडू दिला नाही त्याने 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या राज्यघटनेत कलम 15 आले, त्यात विहिरी आणि तलाव नाव घेऊन सर्वांना खुले केले गेले. आणि ज्याला वर्गाबाहेरच्यासारखे बसवले, त्याने 1950 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद कॉलेज सुरू केले, ते सर्व जातींच्या मुलांसाठी. तिथे कोणासाठी तरटाचा वेगळा तुकडा ठेवला नाही. मराठवाड्यातल्या किती घरांत पहिला पदवीधर त्या दारातून बाहेर पडला!

बाबासाहेबांनी त्या मुलांना क्षमा केली की नाही, हे ठरवणारे आम्ही कोण? त्यांनी तो शब्द वापरला नाही, आणि त्यांच्या तोंडी तो घालणे हा अन्याय होईल. 1956 साली नागपूरला त्यांनी आपला मार्ग वेगळा निवडला. आम्हाला एवढेच दिसते की राग आणि अढी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. राग विहीर खुली करायला निघतो. अढी त्या विहिरीवर ओरडलेल्या एका पोराच्या नातवाला शोधत बसते. आम्ही पंचेचाळीस वर्षे दुसरे केले.

विहिरीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. किती वर्षे तिच्यात गाळ आणि कचरा पडत होता. वरून पाहणाऱ्याला वाटावे, इथे विहीर नाहीच. 2021 च्या सुमारास गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली, तेव्हा आतल्या पायऱ्या दिसल्या. 'विसरून जा' हा उपदेश आम्हाला वरून कचरा टाकण्यासारखा वाटतो. खालचे काहीच जात नाही. गाळ हाताने उपसावा लागतो, एकेक टोपले वर आणावे लागते, आणि त्याचा वास सहन करावा लागतो.

संत जोसेफिन बखिताचे चरित्र आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1 ऑक्टोबर 2000 रोजी तिला संतपद दिले. सुदानमधली ही मुलगी लहानपणीच गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवली. धसक्याने ती स्वतःचे नाव विसरली. 'बखिता' म्हणजे भाग्यवान, हे नाव पळवणाऱ्यांनीच दिलेले. तिच्या अंगावर कातडी कापून, मीठ चोळून नक्षी केली होती. ती म्हणायची की मला पळवणारे आज भेटले तर मी गुडघे टेकून त्यांचे हात चुंबीन, कारण त्यांच्यामुळे मी ख्रिस्ताकडे आले. हे वाक्य प्रवचनांत नेहमी येते. त्याआधीची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. व्हेनिसमध्ये तिची मालकीण तिला परत न्यायला आली, तेव्हा बखिताने जायला साफ नकार दिला. प्रकरण कोर्टात गेले आणि 29 नोव्हेंबर 1889 रोजी निकाल लागला की ती स्वतंत्र आहे. आधी 'नाही, मी येणार नाही' म्हणाली, मग हात चुंबण्याची भाषा बोलली. स्वतः पोप जॉन पॉल यांनीही 1981 साली गोळी झाडणाऱ्याला चार दिवसांत जाहीर क्षमा केली आणि 1983 च्या नाताळात तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली. तो माणूस मात्र तुरुंगातच राहिला आणि इटलीने त्याला माफी दिली ती 2000 साली. क्षमा आणि शिक्षा शेजारी शेजारी राहू शकतात.

पण आमची अडचण याहून वेगळी होती. आमच्या माणसाला काही आठवतच नव्हते. जो मागत नाही, ज्याला मागायचे आहे हेच ठाऊक नाही, त्याला क्षमा कशी द्यायची? पापनिवेदनाला गेलो तेव्हा फादरांना सांगितले, की मनातली अढी जात नाही. त्यांनी उपदेश केला नाही. फक्त विचारले, "तुम्ही त्याला हे कधी सांगितलंत का?"

वधस्तंभावर प्रभू काय बोलला, याचा तेव्हापासून आम्ही वेगळा विचार करू लागलो. त्याने शिपायांकडे पाहून 'मी तुम्हाला क्षमा करतो' असे म्हटले नाही. तो पित्याशी बोलला. आपण काय करतो हे त्यांना कळत नाही, म्हणून तूच त्यांना क्षमा कर, अशी त्याने विनंती केली. ज्यांना कळत नाही त्यांची क्षमा त्याने वर सोपवली. आणि पुनरुत्थानानंतरही त्याने हातांवरच्या खुणा पुसल्या नाहीत. थोमाला त्या दाखवल्या.

प्रायश्चित्त काळात एका शुक्रवारी आम्ही त्याच्या गावी गेलो. तो शेतात होता. बांधावर बसलो. दप्तराची गोष्ट आम्ही सांगितली, ओढ्यापासून वडिलांच्या मारापर्यंत. आवाज चढवायचा नाही असे ठरवले होते, तरी चढला. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "लहानपणीचं काय धरून बसलास रे एवढं? पोरं असतो आपण." आम्ही उठलो. मनात आले, इतके अंतर उगीच आलो. चार पावले गेल्यावर मागून विचारले, "तुझ्या बापानं खरंच मारलं होतं?" आम्ही हो म्हणालो. तो खाली बघत ढेकूळ फोडत राहिला. आणखी काही बोलला नाही.

त्याने माफी मागितली नाही. पण त्या रविवारी ती ओळ आमच्या तोंडून बाहेर पडली, थोडी अडखळत का होईना. आता त्या घरच्या लग्नाला जाऊ की नाही, ते पत्रिका आल्यावर पाहू.

लेख इथे संपवायचा होता. पण लिहिताना आणखी एक चेहरा समोर येऊन बसला, आणि तो काही केल्या हलत नाही. आमच्याच वर्गात एक बारका मुलगा होता. तो अडखळत बोलायचा. गुरुजींनी धडा वाचायला उभे केले की पहिल्या शब्दावरच अडकायचा. त्याची नक्कल सगळ्या वर्गात सर्वांत छान कोण करायचे? आम्ही. ज्या दिवशी आम्ही ती नक्कल करायचो, त्या दिवशी आमचे दप्तर कोणी ओढत नसे. हे आम्हाला तेव्हाही कळत होते. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. कशामुळे, ते आम्ही कधी विचारले नाही.

दहा हजार तालांत कोणाकडे होते आणि शंभर दिनार कोणाकडे, हे आता आमचे आम्हाला नीट सांगता येत नाही. मोंढ्यात त्याला काही आठवले नाही म्हणून आम्ही रागावलो होतो, आणि या मुलाला तर आम्ही एवढी वर्षे आठवणीबाहेरच ठेवले होते. तो आता पुण्याकडे कुठेतरी असतो म्हणतात. त्याच्या चुलत भावाकडून मागच्या आठवड्यात फोन नंबर मिळवला आहे. बायबलमध्ये घडी करून ठेवला आहे. दोनदा काढला, आकडे दाबले, आणि शेवटचा आकडा दाबायच्या आधी ठेवून दिला. त्याने फोन उचलला तर पहिला शब्द काय बोलावा, ते अजून सुचत नाही.